माझ्या बोलण्यातला हेल

मी लोकांना बोलायला शिकवते असं सांगितलं की ऐकणाऱ्याचा काहीतरी गोंधळ होतो. कुणाला वाटतं मी वक्तृत्वाचे वर्ग घेते, कुणाला वाटतं इंग्रजीची शिकवणी. मग खुलासा करावा लागतो. पक्षाघाताच्या झटक्याने ज्यांची वाचा गेली, किंवा ज्या मुलांना बोलायला वेळ लागतो, त्यांच्यासमोर बसून एकेक शब्द परत आणायचा, हे माझं काम. रत्नागिरीतल्या एका खाजगी रुग्णालयात तळमजल्यावरची शेवटची खोली माझी.

बारावीनंतर डॉक्टर व्हायचं होतं, पण तेवढे मार्क पडले नाहीत. प्रवेशाच्या यादीत खाली कुठेतरी वाचा आणि श्रवण यांचा अभ्यासक्रम दिसला. गावात कुणालाच त्याचा नीट अर्थ सांगता येईना. आईला सांगितलं तेव्हा ती मागच्या दारी बांगडे साफ करत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "बोलायला कोन शिकवतं गो? पोर आपसूक बोलतं." पण दुसऱ्या दिवशी अर्ज भरायला रत्नागिरीला तिनेच पाठवलं.

आम्ही पूर्णगडचे, खारवी. वडील दुसऱ्याच्या होडीवर जायचे आणि आई डोक्यावर पाटी घेऊन पावसकडच्या वाड्यांमध्ये मासे विकायची. एसटीत तिची जागा ठरलेली, सगळ्यात मागे, पाटी पायाशी. आमच्या बोलण्याला एक हेल आहे. वाक्य संपता संपता आवाज वर जातो, थोडा रेंगाळतो आणि मग खाली उतरतो. तो आम्हाला ऐकू येत नाही, बाहेरच्यांना येतो. मला तो पहिल्यांदा ऐकू आला मुंबईत, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी.

तोंडी परीक्षा झाल्यावर आमच्या बाईंनी मला थांबवून घेतलं. बाई प्रेमळ होत्या, माझी फी उशिरा आली तेव्हा ऑफिसात जाऊन त्यांनीच रदबदली केली होती. त्या म्हणाल्या की रुग्ण तुझं ऐकून बोलणार, तुझं बोलणं हा त्याचा कित्ता, तेव्हा तू 'पानी' म्हणालीस तर तोही 'पानी' म्हणेल. आणि तो हेल सोड, असंही म्हणाल्या.

मी ते मनावर घेतलं. हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायची आणि ऐकायची. कोण, पाणी, लोणी, कणीक. वाक्याचा शेवट सपाट ठेवायचा, आवाज वर जाऊ द्यायचा नाही. वर्षभरात हेल असा गेला की ठरवूनही परत आणता येईना. एकदा घरी फोन केला तर आईने विचारलं, कोण बोलतंय म्हणून. मी, असं म्हटल्यावर तिने माझं नाव विचारून खात्री करून घेतली. मग हसून म्हणाली, "मला वाटलं, बँकेतल्या मॅडम." मीही हसले. त्यानंतर मात्र ती फोनवर माझ्याशी जपून बोलायला लागली, तलाठी कचेरीत बोलते तसं. मला ते तेव्हा जाणवलं नाही. जाणवलं असतं तरी, खरं सांगायचं तर, त्या वयात मला त्याचा अभिमानच वाटला असता.

पुढे काही वर्षं मी मुंबईत लहान मुलांच्या दवाखान्यात काम केलं. लग्न झालं. नवऱ्याला जयगडच्या बंदरात विजेच्या विभागात नोकरी लागली आणि आम्ही रत्नागिरीत बिऱ्हाड केलं. मला या रुग्णालयात घेतलं. पहिल्याच आठवड्यात रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही पुण्याच्या का?" मी म्हटलं, शिक्षण मुंबईला झालं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण पूर्णगड तिथून तासाभराच्या अंतरावर होतं आणि ते नाव मी तोंडातून काढलं नाही. नंतर सगळे धरूनच चालले की मॅडम घाटावरच्या. रविवारी मी आईकडे जायचे, जेवून यायचे. तिला रुग्णालयात येऊ नकोस असं मी कधी म्हटलं नाही. ये, असंही म्हटलं नाही.

असं तीनेक वर्षं चाललं. कामात माझं नाव होत होतं. आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे मेंदूविकारांचे विभागप्रमुख, मला मानायचे. माझ्या खोलीसाठी त्यांनी व्यवस्थापनाशी भांडून चांगल्या खुर्च्या आणि संगणक मिळवून दिला होता. वाचा उपचाराचा स्वतंत्र विभाग करायचा आणि तो माझ्या हाती द्यायचा, असं त्यांच्या मनात होतं, आणि मला ते माहीत होतं.

त्याच सुमाराला मिरकरवाड्याच्या एक काकी माझ्याकडे आल्या. साठीच्या असतील. बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारी बाई, असं त्यांच्या सुनेने सांगितलं. होड्या लागल्या की यांचा आवाज धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. झटका आल्यावर उजवा हात लुळा पडला आणि सगळ्या भाषेतला एकच शब्द शिल्लक राहिला, 'आता'. तहान लागली की आता. राग आला की आता. सुनेला जवळ बोलवायचं तरी आता. समोरचं बोलणं त्यांना बहुतेक सगळं कळत होतं, त्यामुळे हाल जास्त होते.

माझ्याकडे मुंबईहून आणलेला चित्रांच्या पत्त्यांचा संच होता. सफरचंद, छत्री, रेल्वे, काटा-चमचा, द्राक्षं. मी एकेक पत्ता धरायची आणि स्वच्छ, सपाट आवाजात म्हणायची, "हे स...?" काकी पत्त्याकडे बघायच्या, माझ्याकडे बघायच्या, घाम यायचा, आणि म्हणायच्या, "आता." आकडे मोजून पाहिले, वार म्हणून पाहिले. पाठ झालेल्या गोष्टी बहुतेकांना लवकर येतात, यांना त्याही येईनात. दोन महिने झाले. नियमाप्रमाणे मी अहवाल लिहिला, प्रगती नाही. आणखी महिनाभरात फरक नाही पडला तर घरीच व्यायाम सांगून उपचार बंद करायचे, अशी पद्धत होती.

सून आठवड्यातून तीनदा त्यांना रिक्षाने घेऊन यायची. टोपलीतली मासळी विकून, हात धुऊन, गजरा माळून यायची. ती कधी विचारायची नाही की बरं कधी वाटेल. खोलीच्या कोपऱ्यात बसून सासूच्या तोंडाकडे बघत राहायची आणि तिचेच ओठ हलायचे.

एक दिवस मी काटा-चमच्याचा पत्ता तिसऱ्यांदा धरला आणि काकींनी तो डाव्या हाताने उडवून लावला. पाण्याचा ग्लास पडला, पाणी त्यांच्या लुगड्यावर सांडलं. त्या रडायला लागल्या. मी उठून पदर झटकायला गेले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगो बाय माझी, भिजलीव सगली."

कुठून आलं मला माहीत नाही. आई मला लहानपणी असंच म्हणायची. त्यातला 'ळ' गेला होता, वाक्याचा शेवट वर जाऊन रेंगाळला होता. काकी रडायच्या थांबल्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझ्या तोंडाकडे अशा बघत राहिल्या जसं गर्दीत कुणी ओळखीचं सापडावं. कोपऱ्यातून सून हळूच म्हणाली, "मॅडम, तुमी आमच्यातल्या?"

मी हो म्हटलं. एवढंच, हो.

मग मला काय सुचलं कोण जाणे, मी पत्ते बाजूला ठेवले आणि टेबलावर हाताने एकेक बांगडा मांडल्यासारखं करत मोजायला लागले. आई पहिल्या माशाला कधी 'एक' म्हणायची नाही, 'लाभ' म्हणायची, तो शकुन. मी तसंच म्हटलं, तिच्याच चालीवर, "लाभ..." आणि थांबले. काकींचे ओठ जुळले, सुटले. "दो... दोन," त्या म्हणाल्या. मी हात पुढे सरकवला. "तीन." आणि मग चार, पाच, सहा, सगळे एकापाठोपाठ, आवाज खरखरीत, पण तीच बंदरावरची चाल. दहावर आल्या आणि स्वतःच दचकल्या. सून तोंडाला पदर लावून उभी होती.

यात चमत्कार काही नव्हता. मेंदूचा जो भाग शब्द सांभाळतो त्याला इजा झाली, तरी चाल सांभाळणारा भाग पुष्कळदा शाबूत राहतो, आणि चालीला धरून शब्द येऊ शकतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळवले होते. पण काकींना मी दोन महिने ज्या चालीत साद घालत होते ती त्यांची नव्हतीच. चुकीच्या दारावर हाक मारत बसले होते आणि अहवालात लिहिलं होतं, घरात कुणी नाही.

त्या रविवारी मी पूर्णगडला गेले आणि आईला म्हटलं, मला मासे विकायला शिकव. आईला वाटलं, नोकरी गेली. सगळं सांगितल्यावर ती हात पुसत उठली. मग पडवीत पाट मांडून बसली आणि मला एकेक सांगू लागली. वाडीत शिरताना हाळी कशी द्यायची, गिऱ्हाईक नाक मुरडायला लागलं की काय म्हणायचं, मासा ताजा आहे हे सांगताना आवाज कुठे उचलायचा. मी लिहून घेत होते. तिने माझ्या हातातली वही काढून घेतली. "लिवून येत नाय ते. म्हन माझ्यामागं." मी म्हणत गेले. पहिल्यांदा माझा आवाज नाटकात काम केल्यासारखा वाटत होता. जेवणवेळेपर्यंत तो माझा वाटायला लागला. शेजारची वहिनी कुंपणापाशी उभी राहून बघत होती, तिने विचारलं की आता मॅडम पाटी घेणार का. आई म्हणाली, "घेईल. काय बिघडलं?"

पुढच्या दीड-दोन महिन्यांत काकींना वीसेक शब्द आले. सुरमई, कोळंबी, मोरी, बर्फ, होडी, सुनेचं नाव, 'नको' आणि 'दे'. कधी यायचे, कधी अडकायचे. थकल्या की पुन्हा 'आता'वर यायच्या. पण मोठ्या डॉक्टरांना आनंद झाला. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. रुग्णालय आता मोठं होणार होतं, मुंबईचे काही लोक त्यात पैसे घालणार होते, त्यांना दाखवायला आणि जाहिरातीसाठी एक व्हिडिओ करायचा होता. काकींना त्यात घ्यायचं ठरलं होतं.

डॉक्टर म्हणाले, फक्त दोन वाक्यं म्हणवून घ्या. नमस्कार, आणि मी आता पूर्ण बरी आहे. महिनाभर सराव केला तर जमेल.

मी म्हटलं, जमेल कदाचित, पोपटासारखं. पण त्या पूर्ण बऱ्या नाहीत.

त्यांना माझं म्हणणं कळत होतं. लोकांना आशा वाटली पाहिजे, नाहीतर ते उपचाराला येतच नाहीत, घरी खाटेवर ठेवून देतात, असं ते म्हणाले, आणि तेही खोटं नव्हतं. मग जाता जाता सहज म्हणाले, "आणि भाषा जरा शुद्ध बसवून घ्या. तुमच्यासारखी."

मी उठले होते, ती पुन्हा बसले.

"सर, माझी भाषा त्यांचीच आहे," मी म्हटलं. "मी पूर्णगडची. माझी आई पाटी घेऊन मासे विकते, अजून विकते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मला माहीत नव्हतं."

"मी सांगितलं नव्हतं."

मग मी म्हटलं की काकींना व्हिडिओत घ्यायचं असेल तर त्यांना आणि सुनेला आधी विचारू, त्या जेवढं बोलतात तेवढं आणि जसं बोलतात तसं घेऊ, आणि पूर्ण बऱ्या असं कुठेही म्हणणार नाही. ते म्हणाले, बघतो. त्या 'बघतो'चा अर्थ मला बाहेर येईपर्यंत कळला होता. शौर्य वगैरे काही वाटलं नाही. हातातोंडाशी आलेलं घालवलंस, एवढंच मन म्हणत होतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं की आता काय करायचं आहे. मी म्हटलं, आईला बोलवायचं आहे, माझ्या खोलीत.

आईने आधी टाळलं. कपडे काय घालू, कुणी काय विचारलं तर काय सांगू. शेवटी एका बुधवारी आली, लग्नाकार्यातलं जांभळं लुगडं नेसून. मी तिला आणायला मुख्य दारात गेले आणि रिसेप्शनवरच्या मुलीला म्हटलं, ही माझी आई. ती मुलगी उठून उभी राहिली आणि आईला पाणी दिलं. मला उगाचच वाटत आलं होतं की त्या क्षणी काहीतरी होईल. काहीच झालं नाही. आई पाणी प्यायली, ग्लास कुठे ठेवायचा विचारलं आणि आम्ही आत गेलो.

काकी आधीच येऊन बसल्या होत्या. आईने त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी आईच्या हातांकडे बघितलं. सुरीने कापलेली बोटं, मिठाने झिजलेली नखं. आईने खुर्ची ओढून त्यांच्या डाव्या बाजूला लावली आणि बोलायलाच लागली. आम्ही सगळे काकींशी हळू, मोठ्याने, शब्द तोडून बोलायचो. आई नेहमीच्या वेगाने बोलत होती, घरातल्या, वाडीतल्या गोष्टी. एखादा प्रश्न विचारायची आणि थांबायची. तिचं थांबणं मी बघत राहिले. मिश्री लावलेल्या बाईशी बोलताना ती तोंड धुऊन येईपर्यंत थांबावं, तसं ती थांबायची, जराही न अवघडता. मी मध्ये शब्द सुचवायला गेले तर तिने मला डोळ्यांनीच दटावलं.

आईने विचारलं की धक्क्यावर त्यांची बसायची जागा कुठली. काकींनी डाव्या हाताने हवेत काहीतरी दाखवलं. बर्फाच्या कारखान्याच्या बाजूला, असं आईने ओळखलं. आमच्या होड्यांना काही मिळालं नाही की आई पूर्वी मिरकरवाड्याहून माल उचलायची, तिला सगळं ठाऊक होतं. मग ती मुद्दाम म्हणाली, की तुमचं बंदर मोठं खरं, पण खेकडा खावा तो पूर्णगडच्या खाडीतला.

काकींच्या भुवया वर गेल्या. "नाय," त्या म्हणाल्या.

"व्हय," आई म्हणाली.

"नाय. नाय गो." मग बराच वेळ गेला. काकींचा डावा हात मांडीवर ठोके देत होता. "आमचा... आमचा मोटा."

"मोटा असंल. भरलेला नसतो."

काकी हसल्या. झटका आल्यापासून त्यांना आवाज काढून हसताना सुनेने पहिल्यांदा पाहिलं, असं तिने नंतर मला सांगितलं. त्यांचं वेडंवाकडं हसणं बघून आईलाही हसू आलं. दोन शब्द जोडून काकी त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या होत्या, आणि त्या भांडायला बोलल्या होत्या. मी ते वहीत लिहिलं.

परत जाताना एसटी स्टँडवर आई म्हणाली, "कटिन काम हाय तुझं. दिवसभर थांबायचं म्हंजे." माझ्या कामाबद्दल ती एवढं कधीच बोलली नव्हती.

विभाग झाला. त्याची प्रमुख म्हणून मुंबईहून एक तज्ज्ञ आल्या. हुशार आहेत, माझ्याहून लहान. व्हिडिओ दुसऱ्याच एका रुग्णाचा झाला, फिजिओथेरपीचा. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. विभागाच्या दारावरच्या पाटीवर दुसरं नाव लागलं त्या दिवशी मी डबा न खाता परत आणला होता. मोठे डॉक्टर काही दिवस माझ्या खोलीकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस आले, ते स्वतःच्या सासऱ्यांना घेऊन. राजापूरकडचे, शेतीवाडीतले, झटका येऊन बोलणं गेलेलं. "तुमच्या पद्धतीने बघा," एवढंच म्हणाले.

मुंबईच्या पत्त्यांचा संच अजून कपाटात आहे, काहींना लागतो. त्याच्या जोडीला माझा स्वतःचा संच झाला आहे. सुट्टीच्या दिवशी फिरून मी फोटो काढले. धक्का, जाळी, कातळावरची वाट, काजूचं बोंड, फणस, एसटीतली मागची सीट. मुंबईहून आलेल्या मॅडमनी ते पाहून आधी भुवया उंचावल्या आणि मग एक प्रत मागून घेतली. काकी आता धक्क्यावर जाऊन बसतात. लिलाव सून पुकारते. काकी शेजारी खुर्चीवर बसून चुकलं तिथे 'नाय' म्हणतात, आणि ते धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जात नसलं तरी सुनेला पुरतं.

मी रुग्णांशी कसं बोलते, असं आता विचारलं तर मला उत्तर देता येत नाही. माणूस बघून बोलते. शाळामास्तर आले तर 'पाणी', मिरकरवाड्याचं कुणी आलं तर 'पानी'. दोन्ही माझंच आहे. रिसेप्शनवरची मुलगी म्हणते की मॅडम, तुम्ही फोनवर वेगळ्या आणि खोलीत वेगळ्या. असेन.

डॉक्टरांच्या सासऱ्यांबरोबरचे पहिले दिवस मात्र कठीण गेले. समुद्राकाठचे माझे शब्द त्यांच्या कामाचे नव्हते. मी भाताच्या रोपांचा फोटो धरला, लावणीला काढलेल्या जुड्यांचा, आणि म्हटलं, ही भाताची रोपं. ते मान हलवत राहिले. ओठ काहीतरी वेगळंच शोधत होते. त्यांची बायको शेजारी बसली होती, संकोचाने म्हणाली, "तरवा म्हना, मॅडम. आमच्याकडं तरवा म्हनतात."

त्याचा उच्चार त्यांच्या गावात नेमका कसा करतात ते मी तिला पुन्हा म्हणून दाखवायला सांगितलं. तिने दोनदा म्हणून दाखवलं. मी तिच्यामागे म्हटलं, ती म्हणाली, असं नाय, जरा लांबवा. मी लांबवलं. म्हातारे आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होते.